‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ परत परत येतंय? गावातल्या जुन्या मशीनसाठी पॅकेज बिल्ड करताना कंपायलरचे फ्लॅग कसे ठरवायचे

लक्षण असं असतं. पॅकेज तुमच्या मशीनवर विनातक्रार बिल्ड होतं, चालतंही. डेब फाइल (डेबियन लिनक्सचं पॅकेज) पेनड्राइव्हवर घालून हिंगणघाटहून समुद्रपूर, गिरडकडे जाते, वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर नीट इन्स्टॉल होते. मग फोन येतो, “सर, ते उघडते अन् लगेच बंद पडते.” टर्मिनलमधून चालवून बघायला सांगितलं की एकच ओळ दिसते: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड’. म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना त्याच्यापुढे आली. फ्लॅग (कोडच्या मशीन-सूचना बनवणाऱ्या कंपायलरला दिलेले पर्याय) बदलून पुन्हा बिल्ड केलं की चालतं. नवी आवृत्ती आली की पुन्हा तोच फोन.

‘मार्च=नेटिव्ह काढून टाका’, म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनपुरताच कोड बनवणारा फ्लॅग वगळा, हा एका ओळीचा इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. तो करूनही दुखणं उलटत असेल, तर पुढचं वाचा. (फ्लॅग आणि कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची.)

मशीन मेलं कशानं, ते आधी बघा

प्रोग्रॅम बंद पडल्या पडल्या त्याच टर्मिनलमध्ये ‘इको डॉलर-प्रश्नचिन्ह’ करा. १३२ आलं तर सिग्नल ४, म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १३७ म्हणजे कोणीतरी प्रोसेस मारली, आणि २ जीबी रॅमच्या मशीनवर ते बहुतेक वेळा कर्नलच (लिनक्सचा गाभा) असतं, मेमरी संपली म्हणून. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. आयकॉनवर क्लिक करून प्रोग्रॅम उघडला असेल तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, पण ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) ‘ट्रॅप इनव्हॅलिड ओपकोड’ अशी ओळ प्रोग्रॅमच्या नावासकट पडलेली असते. फोनवर गावातल्या पोराला तेवढी ओळ वाचायला सांगा. निम्मा तपास तिथेच होतो.

१३२ असेल तर पुढची पायरी जीडीबी हा डीबगर. कोअर फाइल (मरताना प्रोग्रॅमच्या मेमरीची घेतलेली प्रत) उघडून ‘एक्स/आय डॉलर-पीसी’ म्हणा. ज्या सूचनेवर प्रोसेसर अडला ती समोर येते. नाव ‘व्ही’ने सुरू होत असेल (व्हीमूव्हडीक्यूयू, व्हीपीब्रॉडकास्ट वगैरे) तर कारण बहुधा एव्हीएक्स. (एव्हीएक्स, बीएमआय, एसएसई ही प्रोसेसरमध्ये पिढीगणिक वाढत गेलेल्या सूचनांच्या संचांची नावं.) एसएचएलएक्स, एएनडीएन, पीडीईपी दिसलं तर बीएमआय. पॉपकाउंट किंवा सीआरसी३२ दिसलं तर एसएसई ४.२ च्या काळातली सूचना. आणि तिथे ‘यूडी२’ दिसलं तर थांबा. ती सूचना कंपायलरने मुद्दाम ठेवलेली असते. कोडमध्ये नल पॉइंटर वापरला जाणार हे त्याला दिसलं, किंवा जिथे पोचणं शक्य नाही अशी वाट सापडली, की तो तिथे हा सापळा लावतो. मशीन जुनं असल्याशी याचा संबंध नाही. प्रोग्रॅममध्येच दोष आहे, आणि मार्च बदलून तो जाणार नाही.

खोली एक, मशीन चार पिढ्यांची

आपल्याकडे गावात एका खोलीत चार कॉम्प्युटर असले तर ते एका वर्षीचे कधीच नसतात. एक कुठल्या तरी कार्यालयाने बदललेला कोअर टू ड्युओ, एक नागपूरहून आणलेला सेकंड हँड चौथ्या पिढीचा आय-३, एक पेंटियम आणि एखादा देणगीत आलेला नवा. या चौघांच्या प्रोसेसरना कळणाऱ्या सूचना वेगवेगळ्या असतात.

२०२० मध्ये इंटेल, एएमडी, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून एक्स८६-६४ च्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरच्या, पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी म्हणजे मूळ ६४ बिट. व्ही२ मध्ये एसएसई ४.२ पर्यंतच्या सूचना आणि पॉपकाउंट. व्ही३ मध्ये एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय. व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२. जीसीसी या कंपायलरच्या ११ व्या आवृत्तीपासून ही नावं थेट ‘मार्च’ला देता येतात. कोअर टू ड्युओ पहिल्याच पायरीवर आहे, कारण त्यात एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट नाहीत. २००८ च्या नेहालेम पिढीपासून इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर व्ही२ आणि २०१३ च्या हॅसवेलपासून व्ही३ असा ठोकताळा आहे.

पण पेंटियम आणि सेलेरॉन नावाचे डेस्कटॉप प्रोसेसर हा ठोकताळा मोडतात. स्कायलेक पिढीचा पेंटियम जी४४०० हा चौथ्या पिढीच्या आय-३ पेक्षा दोन वर्षांनी नवा, तरी त्यात एव्हीएक्स नाही. इंटेलने या स्वस्त मालिकांमध्ये ते कित्येक वर्षं बंदच ठेवलं होतं. शाळांमध्ये तर पेंटियमच जास्त. म्हणून ‘मशीन २०१६ चं आहे, व्ही३ चालेल’ असा अंदाज कधीच बांधू नका, प्रोसेसरलाच विचारा. डेबियन १२ वर डायनॅमिक लोडर, म्हणजे ‘एलडी-लिनक्स’ नावाची फाइल, ‘हेल्प’ देऊन चालवली की कोणती पायरी चालते ते शेवटी छापून येतं. ही सोय जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासूनची, त्यामुळे डेबियन ११ वर मिळणार नाही. तिथे ‘प्रॉक’मधली सीपीयूइन्फो वाचा. त्या यादीत एसएसई३ हे ‘पीएनआय’ नावाने आणि एलझेडसीएनटी हे ‘एबीएम’ नावाने लपलेलं असतं. नेहमीच्या नावाने शोधलं तर सापडत नाही.

मार्च=नेटिव्ह म्हणजे ‘मी आत्ता ज्या प्रोसेसरवर चालतोय त्याच्या सगळ्या सूचना वापर’ असं कंपायलरला सांगणं. दुसऱ्याचे कपडे शिवायला टाकताना शिंप्याकडे स्वतःचं माप द्यावं, तसं. एमट्यून हा दुसरा फ्लॅग मात्र निरुपद्रवी आहे. तो फक्त सूचनांची मांडणी अमुक प्रोसेसरला सोयीची करतो, नवी सूचना घुसवत नाही.

काढून टाकलं, तरी परत कुठून येतं

फ्लॅग काढून टाकल्यावरही नेटिव्ह परत घुसतं, याला ठरलेल्या वाटा आहेत.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी वाट म्हणजे पॅकेजच्या स्वतःच्या बिल्ड फाइल. गणिती लायब्ररी, व्हिडिओ, आवाज, भाषेची मॉडेल चालवणारे प्रोग्रॅम, यांच्या मेकफाइल किंवा सीमेक फाइलमध्ये लेखकानेच नेटिव्ह लिहून ठेवलेलं असतं. लेखक आपल्या लॅपटॉपवर वेग मोजतो, त्याला गिरडचा कोअर टू ड्युओ दिसत नाही. जीसीसीला एकाच प्रकारचे दोन फ्लॅग मिळाले तर शेवटचा जिंकतो, आणि प्रोजेक्टचे फ्लॅग बहुधा तुमच्या सीफ्लॅग्जनंतर (सी कंपायलरसाठी तुम्ही दिलेली फ्लॅगची यादी) येतात. तुम्ही एक्स८६-६४ लिहिता, त्यामागून नेटिव्ह येतं, तुमचं वाया. म्हणून नवी आवृत्ती उतरवली की बिल्डच्या आधी पूर्ण सोर्समध्ये ‘नेटिव्ह’ हा शब्द ‘ग्रेप’ने शोधा, मग बिल्ड ‘व्हर्बोज=१’ किंवा ‘व्ही=१’ देऊन चालवा आणि लॉगमध्ये पुन्हा तेच करा. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ते बंद करायला पर्याय दिलेला असतो, पण तो दर आवृत्तीत नाव बदलू शकतो. मागच्या वेळी चाललेला पर्याय या वेळी सीमेक गुपचूप दुर्लक्षित करतो आणि ‘हा व्हेरिएबल वापरला गेला नाही’ अशी एक ओळ शेवटी छापतो. ती ओळ वाचत जा.

दुसरी वाट म्हणजे जुन्या ऑब्जेक्ट फाइल, आधीच्या बिल्डचे कंपाइल होऊन उरलेले तुकडे. साधं ‘मेक’ फक्त फाइलची वेळ बघतं, फ्लॅग बदलले हे त्याच्या गावीही नसतं. फ्लॅग दुरुस्त करून ‘मेक क्लीन’ न करता पुन्हा बिल्ड केलं तर अर्धं पॅकेज जुन्या सूचनांचंच राहतं. मग गावात प्रोग्रॅम उघडतो, फाइल सेव्ह करताना मरतो, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. मी तर क्लीनवरही भरवसा ठेवत नाही. पूर्ण फोल्डर उडवून टारबॉल नव्याने सोडतो.

तिसरी: लपलेली सेटिंग. ‘बॅश-आरसी’मध्ये केव्हातरी निर्यात करून ठेवलेलं सीफ्लॅग्ज, किंवा होम फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये डीपीकेजीची (डेबियनचं पॅकेज साधन) ‘बिल्डफ्लॅग्ज’ फाइल. ‘डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज --स्टेटस’ चालवलं की प्रत्येक फ्लॅग कुठून आला, डिस्ट्रोकडून, सिस्टीमकडून, युजरकडून की एन्व्हायर्नमेंटमधून, ते छापून येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता तो मोठा गैरसमज: “मी तर क्रूटमध्ये बिल्ड करतो, डॉकरमध्ये करतो, मग नेटिव्ह कसं येईल?” येतं. क्रूट किंवा कंटेनर फाइली वेगळ्या करतो, प्रोसेसर तोच राहतो. कंपायलरने सीपीयूआयडी, म्हणजे प्रोसेसरची ओळख, विचारलं की तुमच्या रायझन प्रोसेसरचंच उत्तर मिळतं. व्हर्च्युअल मशीन मात्र उपयोगी आहे. केव्हीएममध्ये (लिनक्सची व्हर्च्युअल मशीनची सोय) ‘सीपीयू’ला कॉनरो हे मॉडेल दिलं तर आत नेटिव्हचा अर्थ कोअर टू असा होतो. कितीही हट्टी प्रोजेक्ट असला तरी फसतो. मी आताशा हट्टी पॅकेजसाठी हेच करतो, दर आवृत्तीला पॅच लावत बसण्यापेक्षा.

आणि सी सोडून इतर भाषा. सीफ्लॅग्ज रस्टला लागू होत नाही. तिथे ‘रस्टफ्लॅग्ज’मध्ये टार्गेट-सीपीयू असतं. गोमध्ये १.१८ पासून ‘गो-एएमडी६४’ व्हेरिएबल आहे, व्ही१ ते व्ही४. एका पॅकेजमध्ये तिन्ही भाषा असल्या तर तिन्ही बघायच्या.

तयार बायनरी आणून बसवली असेल तर तुमचे फ्लॅग निर्दोष आहेत. मोंगोडीबी ५.० पासून एक्स८६ वर एव्हीएक्स मागतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला व्ही२ लागतं, १० ला व्ही३. अल्मालिनक्स १० ने व्ही२ साठी वेगळी आवृत्ती काढली आहे, पण कोअर टूला तीही चालणार नाही. अशा मशीनवर डेबियन ठेवा, त्याचं एएमडी६४ अजून मूळ पायरीवर आहे.

गावात पाठवायच्या आधी घरीच तपासा

ऑब्जडम्पने बायनरीतल्या सूचना काढून त्यात ‘वायएमएम’ (एव्हीएक्सचे रजिस्टर) शोधणं ही पहिली चाळणी. पण ते सापडलं म्हणजे पॅकेज बिघडलं असं नाही. जीलिबसी, ओपनएसएसएल, एफएफएमपेग यांच्यात एव्हीएक्सचा कोड असतोच, प्रोसेसर बघून चालताना निवडला जातो. हे बघून घाबरून चांगली पॅकेजं उगाच पुन्हा बिल्ड करणारे लोक आहेत.

खरी चाचणी क्यूएमयू या इम्युलेटरची. ‘क्यूएमयू-युजर’ बसवा आणि ‘क्यूएमयू-एक्स८६_६४’ला सीपीयू म्हणून कॉनरो देऊन प्रोग्रॅम चालवा. रटाळ चालतो, पण जी सूचना गावात अडणार ती इथेच अडते. हीच चाचणी केव्हीएममध्ये मात्र घेऊ नका. तिथे सीपीयूआयडी जुनं सांगतं, पण पॉपकाउंटसारख्या सूचना खऱ्या प्रोसेसरवर बिनबोभाट चालतात. बिल्डसाठी केव्हीएम, चाचणीसाठी शुद्ध इम्युलेशन, अशी वाटणी ठेवा.

एक प्रकार असा आहे जो १३२ सुद्धा देत नाही. एलझेडसीएनटी ही सूचना, आकड्यात पुढून किती शून्य बिट आहेत ते मोजणारी. तिची रचना अशी आहे की जुना प्रोसेसर पुढचा प्रीफिक्स सोडून देतो आणि तिला बीएसआर समजून चालवतो. बीएसआरचं उत्तर वेगळं असतं. म्हणजे प्रोग्रॅम मरत नाही, चुकीचा आकडा देतो. कॉम्प्रेशन, हॅश टेबल, एन्कोडिंग अशा ठिकाणी ही सूचना भरपूर वापरली जाते. फाइल उघडत नाही, झिप खराब निघते, आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो. ‘आमच्याकडेच फाइल करप्ट होते’ अशी तक्रार एकाच जुन्या मशीनवरून आली तर हा संशय आधी घ्या.

मग लेव्हल कोणती

ओ-टू. (ओ-झिरो ते ओ-थ्री आणि ओ-फास्ट या कंपायलरने कोड किती वेगवान करायचा त्याच्या लेव्हल.) डेबियनचा ठरलेला संच (ओ-टू, डीबग माहिती, स्टॅक प्रोटेक्टर, फॉर्टिफाय) तसाच राहू द्या. आर्च लिनक्स ओ-टूवर आहे, लिनक्स कर्नलही ओ-टूवरच. खोलीतलं सगळ्यात जुनं मशीन नेहालेमनंतरचं असेल तर त्यावर व्ही२ जोडायला हरकत नाही, ‘डेब-सीफ्लॅग्ज-अपेंड’मधून, आणि सी++ साठी तसंच वेगळं. कोअर टू एक जरी असला तरी नको.

ओ-थ्रीचं आकर्षण मला कळतं, पण जुन्या मशीनवर ते अनेकदा उलटं पडतं. तो लूप पसरवतो, फंक्शन जागच्या जागी उतरवतो, कोड फुगतो. जुन्या पेंटियम ड्युअल-कोअरचा एल-टू कॅशे १ किंवा २ एमबी, तोही दोन कोअरमध्ये वाटून. शिवाय जीसीसी १२ पासून ओ-टूमध्येच बेताचं व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) चालू झालं आहे, त्यामुळे ओ-थ्रीची जुनी कीर्ती आता तितकी उरलेली नाही. एखाद्या पॅकेजला खरंच फरक पडतो का ते त्याच जुन्या मशीनवर मोजा. नव्या मशीनवर मोजलेल्याला काही किंमत नाही. आणि लक्षात ठेवा, हाताने सीमेक चालवताना ‘रिलीज’ टाइप दिला की ओ-थ्री आपोआप मागे जोडलं जातं, तुम्ही ओ-टू लिहिलं असलं तरी. डेबहेल्पर (डेबियनचं पॅकेज बिल्ड करण्याचं साधन) हा टाइप ‘नन’ देतं ते याचसाठी.

ओ-टूला चालतं आणि ओ-थ्रीला १३९ येतं, याचा अर्थ कंपायलर बिघडला असा क्वचितच निघतो. कोडमध्ये कुठेतरी भाषेचा नियम मोडलेला असतो, तो आता उघडा पडतो. ‘नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ लावून बघा. त्याने गेलं तर पॉइंटरची खोडी आहे. कर्नल स्वतः हा फ्लॅग कायम लावतो, त्यात कमीपणा नाही.

ओ-फास्टला मात्र दार बंद. तो फास्ट-मॅथ चालू करतो, आणि फास्ट-मॅथमध्ये कंपायलर गृहीत धरतो की नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ असलं मूल्य, कधी येणारच नाही. कापसाच्या नोंदींच्या तक्त्यात वजनाचा रकाना रिकामा असेल आणि प्रोग्रॅम ‘नॅन आहे का’ असं तपासून तो वगळत असेल, तर ती तपासणीच कोडमधून उडून जाऊ शकते. सरासरी बिघडते, कोणाला कळत नाही. त्यातही जीसीसी १३ च्या आधी याने बिल्ड केलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी प्रोसेसरची अतिसूक्ष्म आकडे शून्य करण्याची सेटिंग बदलायची, म्हणजे शेजारच्या निरपराध कोडचंही गणित बदलायचं.

ओ-झिरोही पाठवू नका. डीबगसाठी ठीक आहे, पण ऑप्टिमायझेशन नसेल तर फॉर्टिफाय कामच करत नाही, आणि बफर ओव्हरफ्लोवरची ती राखण जाते.

बिल्डच अर्ध्यात मरत असेल

इथे फ्लॅगपेक्षा परिस्थितीच जास्त नडते. ‘सीसी१प्लस किल्ड’ म्हणजे रॅम संपली. सी++ च्या एका जॉबला २ जीबी धरा आणि ‘जे’चा (एकाच वेळी चालणाऱ्या जॉबचा) आकडा त्यावरून ठेवा, कोअर मोजून नाही. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू असेल तर शेवटच्या लिंकिंगला मेमरी आणखी लागते. ८ जीबीच्या मशीनवर मोठ्या पॅकेजला ते बंदच ठेवा.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि कूलरवर खोली, अशा वेळी ‘इंटर्नल कंपायलर एरर’ दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर फ्लॅगना हात लावू नका. बग दर वेळी त्याच ओळीवर येतो, जागा बदलत हिंडत नाही. जीसीसी कित्येकदा स्वतःच सांगतं की बग पुन्हा घडवता आला नाही, हार्डवेअरचा दोष असावा. मेमटेस्ट रात्रभर चालवा, पंख्यातली धूळ काढा, पेस्ट बदला. मोठे बिल्ड पहाटे लावा.

लाईट गेल्यावरचा प्रकार वेगळा. लाईट आली, ‘मेक’ पुन्हा चालवलं, लिंकर म्हणतो ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड, फाइल ट्रंकेटेड’. लाईट गेली तेव्हा लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहिली, पण तिची वेळ ताजी, म्हणून मेक तिला झालेली समजतं. शून्य बाइटच्या सगळ्या ‘डॉट-ओ’ फाइली ‘फाइंड’ने उडवा आणि पुढे चला. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं साधन) वापरत असाल तर तोही रिकामा करा.

राहता राहिला एक प्रश्न: एका पेंटियमपायी नव्या मशीननेही हळू का चालावं? सगळं पॅकेज दोनदा करायची गरज नाही. ज्या एका शेअर्ड लायब्ररीवर खरा भार आहे तेवढीच व्ही३ साठी वेगळी बिल्ड करा आणि लायब्ररीच्या फोल्डरात ‘जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’च्या आत ‘एक्स८६-६४-व्ही३’ नावाच्या फोल्डरात ठेवा, मग ‘एलडीकॉन्फिग’ चालवा. जीलिबसी २.३३ किंवा त्यापुढचं असेल तर लोडर स्वतः प्रोसेसर बघतो: आय-३ ला तिथली प्रत देतो, पेंटियम आणि कोअर टूला बाहेरची साधी. डेब फाइल एकच, पेनड्राइव्ह एकच.